द्राक्षबियांचा अर्क आणि वडिलांचं बीपी: संशोधन कुठवर आलंय, कॅप्सूल द्यावी का

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वडील ६२ वर्षांचे आहेत, हृदयात स्टेंट आहे. रोज बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू आहे. तरी वरचं बीपी १३८ ते १४४ च्या मध्ये राहतं. मेडिकलवाल्याने ‘ग्रेप सीड, रेस्वेराट्रॉल आणि व्हिटॅमिन सी’ अशी एकत्र कॅप्सूल सुचवली. विंचूरकडे वाइनरीत काम करणारा मावसभाऊ म्हणतो, कॅप्सूल कशाला, चोथ्यातल्या बिया फुकट आणून देतो, वाळवून दळा आणि चमचाभर घ्या. आईचं हिमोग्लोबिन कमी आहे, तिलाही चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि यावरचं नवं संशोधन नेमकं काय सांगतं?

मी औषधनिर्माणशास्त्राचा माणूस, वनस्पतिजन्य पूरक आहाराच्या गुणवत्ता तपासणीत काम करतो. आधी जे निकडीचं ते सांगतो. स्टेंट असलेल्या माणसाचं वरचं बीपी औषध चालू असतानाही १४० च्या आसपास राहत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून डोस किंवा औषध बदलून घेणं हे पहिलं काम. अशा रुग्णांत डॉक्टर साधारण १३० च्या खाली आणायचा प्रयत्न करतात. टेल्मिसार्टन ४० च्या पुढे वाढवता येतं, जोडीला दुसरं औषध देता येतं. कॅप्सूलचा विचार त्यानंतरचा. स्टेंट बसून किती महिने झाले, किडनीचे रिपोर्ट कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढचं बरंच काही त्यावर ठरतं.

आता मूळ विषय. ‘द्राक्षाचं संशोधन’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात किमान तीन वेगळ्या वस्तू असतात आणि एकीचे निष्कर्ष दुसरीच्या डबीवर छापले जातात. द्राक्षातल्या पॉलिफिनॉल्सपैकी (वनस्पतीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) साधारण ६० ते ७० टक्के बियांत असतात, उरलेली बहुतेक सालीत, गरात अगदी थोडी. बियांत असतात ती मुख्यतः प्रोअँथोसायनिडिन्स, म्हणजे कॅटेचिनच्या कड्या जोडून झालेल्या साखळ्या. तुरटपणा येतो तो त्यांच्यामुळे. रेस्वेराट्रॉल मात्र सालीतलं. बुरशीचा हल्ला झाला किंवा अतिनील किरणांचा ताण आला की वेल ते बचावासाठी तयार करते. द्राक्षबियांचं तेल ही तिसरी वस्तू. प्रोअँथोसायनिडिन्स तेलात उतरत नाहीत, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरतात. त्यामुळे तेलाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट ओपीसी’ (ओपीसी म्हणजे याच साखळ्या) लिहिलेलं दिसलं तरी तिच्यात ते नावापुरतंच असतं. आणि आपली निफाड-पिंपळगावची खायची द्राक्षं, थॉमसन असोत की सोनाका किंवा शरद, बिनबियांची. रोज अर्धा किलो खाल्ली तरी बियांचा अर्क काही पोटात जात नाही. मधुमेह असेल तर साखर मात्र जाते.

रेस्वेराट्रॉलची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कॅप्सूलच्या जाहिरातीतली बहुतेक वाक्यं तिथूनच आलेली आहेत. १९३९ मध्ये जपानमध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, तेही द्राक्षातून नव्हे, व्हेराट्रम नावाच्या झाडातून. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फ्रेंच लोकांवरचा लेख आला: आहारात चरबी भरपूर, तरी हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय वाइनला. त्याच वर्षी वाइनमध्ये रेस्वेराट्रॉल असल्याचं दाखवलं गेलं आणि दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. २००३ मध्ये यीस्टचं आयुष्य वाढल्याचा आणि २००६ मध्ये चरबीयुक्त आहार दिलेले उंदीर त्यामुळे जास्त निरोगी राहिल्याचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या विषयावर काम करणारी सर्ट्रिस कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. उत्साह तिथे कळसाला पोचला होता.

माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा चित्र बदललं. तोंडावाटे घेतलेलं रेस्वेराट्रॉल आतड्यातून शोषलं जातं खरं, पण आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात लगेच सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड हे रासायनिक गट जोडून त्याचं रूप बदललं जातं. मूळ रूपात रक्तात १ टक्काही उरत नाही. प्रयोगशाळेत पेशींवर जी तीव्रता वापरतात ती गोळी खाऊन रक्तात येतच नाही. इटलीतल्या कियांती भागात ६५ च्या पुढच्या ७८३ लोकांच्या लघवीत रेस्वेराट्रॉलचे अंश मोजून नऊ वर्षं पाठपुरावा केला गेला. अंश जास्त असलेल्यांत मृत्यू, हृदयविकार किंवा कर्करोग कमी दिसला नाही. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी डेन्मार्कमधल्या चाचणीत वयस्क पुरुषांना आठ आठवडे व्यायामासोबत रोज २५० मिलिग्रॅम दिलं, तर व्यायामाचे काही फायदे उलट कमी झाले. बीपी उतरण्याचा फायदा त्यातलाच एक. अल्झायमरच्या ११९ रुग्णांना वर्षभर दिवसाला २ ग्रॅमपर्यंत देऊनही आजारात सुधारणा दिसली नाही. आणि २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका रेस्वेराट्रॉल संशोधकाच्या कामात खोट्या आकडेवारीची १४५ प्रकरणं शोधून जाहीर केली. त्या निबंधांचे संदर्भ आजही काही माहितीपत्रकांत दिसतात. या विषयाचं नाव घेणाऱ्याने हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कॅप्सूलमधल्या रेस्वेराट्रॉलसाठी पैसे मोजू नका. युरोपात पूरक आहारात प्रौढांसाठी दिवसाला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये अशी सूचना लेबलवर छापावी लागते.

बियांच्या अर्काची बाजू याहून बरी आहे, पण दावे करतात तितकी नाही. बीपीवरच्या छोट्या-छोट्या चाचण्या एकत्र करून दोन मोठी विश्लेषणं झाली. २०११ च्या विश्लेषणात ९ चाचण्या आणि ३९० लोक होते. वरचं बीपी सरासरी दीड अंकाने उतरलं, खालच्यात फरक नाही, कोलेस्टेरॉलमध्येही नाही. २०१६ च्या विश्लेषणात १६ चाचण्या आणि ८१० लोक. वरचं सुमारे ६ आणि खालचं सुमारे ३ अंकांनी उतरलं. हा फरक तरुणांत, लठ्ठ माणसांत आणि चयापचयाचे विकार असणाऱ्यांत जास्त होता. दोन उत्तरांत इतकं अंतर का? लोक वेगळे, अर्क वेगळे, डोस १०० मिलिग्रॅमपासून हजारापुढे, मुदतही काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. लहान चाचण्यांत एखादा गट योगायोगाने वर-खाली झाला तरी सरासरी हलते. यातून मी इतकंच घेतो की परिणाम बहुधा खरा आहे, पण लहान आहे. दिवसाला १५० ते ३०० मिलिग्रॅम, निदान आठ आठवडे, आणि ज्याचं बीपी किंचित वाढलेलं आहे, औषध अजून सुरू नाही, वजन जास्त आहे, अशा माणसात तो दिसण्याची शक्यता जास्त. तुमचे वडील त्या गटात बसत नाहीत.

आणखी एक चाचणी त्या कॅप्सूलशी थेट संबंधित आहे, तीच दुकानात कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात बीपीचं औषध चालू असलेल्या ६९ लोकांना सहा आठवडे व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम आणि द्राक्षबियांची पॉलिफिनॉल्स १००० मिलिग्रॅम, एकेकटी आणि एकत्र अशी दिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं वरचं बीपी जवळपास ५ अंकांनी वाढलं. डोस मोठे होते आणि चाचणी एकच आहे, त्यामुळे यावरून कायमचा नियम काढता येत नाही. पण तुमच्या वडिलांसारख्याच लोकांवर, तुमच्या हातातल्या मिश्रणावर झालेली चाचणी उलट्या दिशेला बोट दाखवत असेल, तर ते मिश्रण घेण्यात अर्थ नाही.

नवं संशोधन दोन दिशांनी चाललंय. पहिली दिशा आतड्यातल्या जिवाणूंची. प्रोअँथोसायनिडिन्सच्या लांब साखळ्या शोषल्याच जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या तोडून व्हॅलेरोलॅक्टोन नावाचे छोटे रेणू बनवतात आणि ते रक्तात येतात. ज्याच्या आतड्यात जसे जिवाणू, तसं त्याचं उत्पादन. एकाला फरक पडतो आणि दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, यामागे हे एक कारण असावं असं मानलं जातं. मला ही दिशा जास्त भरवशाची वाटते.

दुसरी दिशा वृद्धत्वाची. २०२१ च्या अखेरीस ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की द्राक्षबियांतला प्रोसायनिडिन सी-१ हा घटक म्हाताऱ्या झालेल्या पेशी निवडून मारतो आणि वयस्क उंदरांचं आयुष्य वाढवतो. निबंध चांगला आहे. मात्र तो घटक शुद्ध स्वरूपात, पोटात इंजेक्शनने दिला होता. गिळलेल्या अर्काच्या कॅप्सूलला तो निष्कर्ष लावता येत नाही. बाजारात ‘आयुष्य वाढवणारा अर्क’ म्हणून याच निबंधाचं नाव घेतलं जातंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच कुळातल्या फ्लॅव्हनॉल्सवर (कॅटेचिनसारखी पॉलिफिनॉल्स) एक मोठी चाचणी झालीय, पण ती कोकोच्या अर्कावर. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीत २१,४४२ वयस्क लोकांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्स किंवा रिकामी गोळी दिली. एकूण हृदयविकाराच्या घटना थोड्या कमी दिसल्या, पण तो फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. द्राक्षबियांवर या आकाराचं काहीच झालेलं नाही. हार्ट अटॅक टळतो का, याचं उत्तर द्राक्षबियांबाबत आज कोणाकडे नाही.

इथवरचं थोडक्यात: रेस्वेराट्रॉल सोडून द्या, बियांच्या अर्काने बीपीत लहानसा फरक पडू शकतो, व्हिटॅमिन सी सोबतची जोडी टाळा, आणि आयुष्य वाढण्याच्या गोष्टी अजून उंदरांपुरत्या आहेत.

आता मावसभावाच्या बिया. कल्पना चुकीची नाही, कारखान्यातही अर्क याच चोथ्यातून काढतात. फरक पडतो तो हाताळणीत. जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते, द्राक्ष दाबलं की चोथा ओला ढीग म्हणून बाहेर पडतो. ढीग काही तासांत आतून तापायला लागतो, दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. द्राक्षावरच्या काही काळ्या बुरश्या ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते किडनीला घातक असतं आणि उन्हात वाळवून किंवा भाजून पूर्ण जात नाही. दुसरं, भुरी आणि डावणी या बुरशीरोगांसाठी बागेवर गंधक, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि झाडात शोषली जाणारी आंतरप्रवाही बुरशीनाशकं मारलेली असतात. निर्यातीच्या द्राक्षांचं रेसिड्यू, म्हणजे फवारणीचा उरलेला अंश, तपासलं जातं, चोथ्याचं सहसा कोणी तपासत नाही, कारण वाइनरीच्या दृष्टीने तो खत किंवा गुरांचा चारा. तिसरं, रेड वाइनमध्ये बिया सालीसकट बरेच दिवस रसात आंबतात, त्यामुळे त्यांतला बराच तुरट अंश वाइनमध्येच उतरतो. व्हाइट वाइनचा चोथा आंबवण्याआधीच दाबून बाजूला काढतात, त्यातल्या बियांत तो जास्त शिल्लक राहतो. शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा चोथा आणि शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनच्या द्राक्षाचा चोथा यांच्या पावडरीत म्हणूनच मोठा फरक पडतो.

डोसचा हिशेबही बसत नाही. वाळलेल्या बीमध्ये पॉलिफिनॉल्स वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के. चहाचा चमचाभर पावडर ३ ग्रॅम धरली तर कागदावर १५० ते २४० मिलिग्रॅम. पण बीचं कवच लाकडासारखं टणक असतं, घरच्या मिक्सरमध्ये ते जाडसरच राहतं आणि आतलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. शिवाय बीत तेल असतं. दळल्यावर हवा लागून ते काही आठवड्यांत खवट होतं. पावडरीला जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की समजायचं. फक्त कुतूहल म्हणून करायचंच असेल, तर दाबल्या दिवसाचा व्हाइट वाइनचा चोथा घ्या, त्याच दिवशी धुऊन साल वेगळी करा, पातळ थरात पंख्याखाली बी दातांखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा, आणि लागेल तेवढंच दळा. तुमच्या वडिलांसाठी मात्र नको.

विकतच्या कॅप्सूलमध्ये फसवणूक कुठे होते तेही पाहा. द्राक्षबियांच्या अर्कात शेंगदाण्याच्या लाल टरफलाचा अर्क मिसळल्याचं परदेशात तपासणीत पुन्हा पुन्हा सापडलंय. टरफल स्वस्त आहे, रंग तसाच विटकरी, चव तितकीच तुरट. बोर्दोच्या जॅक मास्केलिए यांनी १९४० च्या दशकात ओपीसी पहिल्यांदा वेगळं केलं ते याच टरफलातून, द्राक्षबी नंतर आली. त्यामुळे साध्या चाचणीत दोन्ही एकसारखी दिसतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला यात धोका आहे. भेसळ पकडता येते ती साखळीच्या जोडणीवरून: द्राक्षबीत बी-प्रकारची जोडणी, टरफलात ए-प्रकारची. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रचाचणी, लागते. लेबलवरचं ‘९५ टक्के’ कशाचे, हेही विचारा. ‘पॉलिफिनॉल्स ९५ टक्के’ बहुधा फोलिन पद्धतीने, म्हणजे रंग किती बदलतो त्यावरून, मोजलेलं असतं आणि त्या पद्धतीला शेंगदाणा, चहा आणि व्हिटॅमिन सी, सगळं सारखंच दिसतं. कंपनीला ईमेल करून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागवा. त्यात एचपीएलसीचा आलेख, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, सूक्ष्मजीव आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) यांचे आकडे हवेत. जी कंपनी ते देत नाही तिचा माल मी घरात आणणार नाही. डबीवर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ असायलाच हवी. तरी ती ओळ असलेल्या डबीवर ‘बीपी नियंत्रणात आणते’ असं लिहिलेलं असेल तर ती दुकानातच ठेवा.

औषधांशी होणारा संबंध हा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग. द्राक्षबियांचा अर्क आणि रेस्वेराट्रॉल दोन्ही प्लेटलेट्सची (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटण्याची क्रिया काहीशी मंदावू शकतात. वडिलांना त्याच कामासाठी दोन औषधं आधीच चालू आहेत. एकट्या अर्काने मोठा रक्तस्राव होईल असं मी म्हणत नाही, पण दोन्हींवर तिसरं चढवायचं आणि मिळणार काय, तर बीपीत कदाचित दोन-चार अंक. हा सौदा परवडत नाही. वॉरफेरिन किंवा एसेनोकुमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी तर अर्क स्वतःहून अजिबात सुरू करू नये. ज्यांचा अर्क आधीच चालू आहे त्यांनी दात काढण्याआधी किंवा ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावं. अर्क साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

आईचं उत्तर सोपं आहे: नको. तुरट पॉलिफिनॉल्स आतड्यात लोह पकडून ठेवतात, जेवणासोबत घेतलेला चहा करतो तेच. भाजीपाल्यातून येणारं लोह तर त्याने सहज अडतं. हिमोग्लोबिन कमी का झालंय ते आधी शोधा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, आणि लोहाची गोळी चालू असेल तर चहा तिच्यापासून दोन तास लांब ठेवा.

त्या दोन-चार अंकांसाठी वडिलांकडे याहून चांगला रस्ता आहे. मीठ कमी करण्याच्या चाचण्यांत, रोजचं मीठ साधारण साडेचार ग्रॅमने कमी केल्यावर बीपीच्या रुग्णांचं वरचं बीपी सरासरी ५ अंकांनी उतरलं. हे अर्काच्या सगळ्यात उदार अंदाजाच्या जवळपास आहे, आणि पुरावा कितीतरी भक्कम. मीठ फक्त भाजीत नसतं. सकाळची मिसळ, तिच्यावरची शेव, दुपारचं लोणचं-पापड आणि संध्याकाळचा चिवडा, एवढ्यातच दिवसाची ५ ग्रॅमची मर्यादा ओलांडते. ‘लो सोडियम’ मीठ मात्र टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही रक्तातलं पोटॅशियम वाढवतं.

आणि मीठ असो, औषधाचा बदल असो, किंवा हृदयरोगतज्ज्ञांनी पुढे कधी अर्काला होकार दिला तर तोही असो, फरक पडला का हे मोजूनच ठरवा. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको; पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आधी सलग सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. मग एकच बदल करा, आठ आठवडे थांबा आणि पुन्हा तसेच सात दिवस मोजा. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. सरासरीत तीन-चार अंकांपेक्षा कमी फरक आला, तर तो रोजच्या चढउताराचाच समजा.

मधल्या काळात सरासरी १५० च्या पुढे गेली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौच काळी झाली, किंवा अंगावर कारण नसताना निळे डाग दिसले, तर आठ आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढे आणि मेडिकलवाल्याने दिलेलं जे असेल तेही. डॉक्टरांसाठी आधीच कागदावर लिहून ठेवा: टेल्मिसार्टन वाढवायचं का, आणि क्लोपिडोग्रेल अजून किती महिने चालू ठेवायचं.